पाय परातीत मावतो

तीर्थस्वरूप वीरभद्रमामांच्या चरणी श्रीशैलचा राजकोटहून शरणार्थ. साष्टांग घालावा असं मनात लई होतं, पण उजवा पाय हल्ली पुरता दुमडत नाही, म्हणून जेवढ्या अंगांनी जमला तेवढ्या अंगांनी घातला आहे. उरलेली अंगं तुम्ही धरून चाला. आपली तब्येत कशी आहे? पंचायतीची मोटार कशी आहे? (दोन्हींत मोटारीला तुम्ही जास्त जपता, म्हणून दोन्ही विचारलं.) मामींचं बीपी, म्हशीचं दूध, देवळामागच्या टाकीची गळती, सगळं ठीक असेल असं समजतो. शिवलीलाची खुशाली विचारत नाही. तो हक्क मला दिवाळीपर्यंत होता. पुढं तो लातूरच्या कुण्या मुलाकडं निघाला आहे असं आईकडून कळलं.

आजकाल पत्र कोण लिहितो म्हणाल, तर ज्याचा फोन कुणी उचलत नाही तो लिहितो. मी लावला की वाजून वाजून बंद होतो. माझ्या सोबतच्या अजहरच्या फोनवरून लावला तर तुम्ही ‘हॅलो, बोला साहेब’ म्हणता, आणि माझा आवाज ऐकला की गावाच्या पाण्याचा वॉल फिरवायची वेळ झालेली असते. मामा, आपल्या गावाला आठवड्यातून एकदा पाणी सुटतं हे मला ठाऊक आहे. तुम्ही माझ्यामुळं दिवसातून तीनदा वॉल फिरवून राहिला असाल तर गावानं माझा सत्कार करायला पाहिजे. पत्राचं बरं असतं, ते मधेच तोडता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस थोडं वाचतोच.

तर मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कुठंही भरकटलो तरी तुम्हाला सापडेल. शिवलीलाचं माझ्याशी ठरलेलं लग्न तुम्ही मोडलं, ते का मोडलं, आणि जे कारण दिलं ते किती खोटं आहे. बाप वारल्यावर आई मला घेऊन तुमच्या आसऱ्याला आली, तेव्हापासून ‘मामाची पोरगी तुझीच’ हे मी जेवणात लोणच्यासारखं खात आलो. ते मी म्हटलं नव्हतं, तुम्ही म्हणत होता, चार माणसांत, माझ्या पाठीवर थाप मारून. मागच्या उन्हाळ्यात सुपारीही फुटली. दिवाळीला मी तारीख काढायला आलो आणि तुमच्या दारात चपला काढल्या. डाव्या पायातून चप्पल निघाली. उजव्या पायातली दोन्ही हातांनी सोडवावी लागली. तुम्ही ते बघितलं. चिवडा दिला, चहा दिला, सोयाबीनचं बोललात, रस्त्याचं बोललात, तारखेचं सोडून सगळं बोललात. मी परत राजकोटला टेकतो न टेकतो तोच आईकडं तुमचा निरोप गेला होता. आईनं तो जसाच्या तसा सांगितला:

“अक्का, लग्नात जावयाचे पाय धुवावे लागतात. चारचौघांत परातीत तो पाय मी कसा घेऊ?”

आणि वरून, ते रक्तात असतं, उद्या पोरंही तशीच निपजतील, असं.

परातीचं मागाहून बघू. आधी रक्ताचं बघतो, कारण रक्तावर बोलायला मी आता लायक झालो आहे. (आठवीत नापास झालेल्या माणसाला एखादा विषय यावा लागला तर तो असा यावा लागतो.)

पाय सुजला हे मला मोजडीमुळं कळलं. माझी नोकरी तुम्हाला ‘शोरूममध्ये आहे’ एवढीच सांगितली होती, ती काय आहे ते आज सांगतो. लग्नाच्या साड्या आणि शेरवान्या विकायचं मोठं दुकान आहे. त्याच्या दारात मी उभा असतो. डोक्याला फेटा, कमरेला लाकडाची तलवार, पायात टोक वर वळलेल्या मोजड्या. गिऱ्हाईक आलं की वाकायचं, काच उघडायची, पुन्हा सरळ व्हायचं. हलायचं नाही. शेटचं म्हणणं, राजवाड्याचा दरवान खाजवत नसतो. मोजड्यांची जोडी सगळ्या दरवानांना मिळून एकाच मापाची, माझ्या आधीच्याची मला आली, माझी पुढच्याला जाईल. तर ती उजव्या पायात शिरेना. आधी तेल लावून शिरवली, मग टाच मोडून शिरवली, मग शेटनं स्वतः कात्री आणून तिची मागची बाजू कापली, आणि एवढं करूनही पायाचा फुगवटा वर दिसायला लागला तेव्हा पितळेची एक मोठी कुंडी आणून माझ्या उजव्या पायासमोर ठेवली. आता गिऱ्हाईक माझ्याबरोबर फोटो काढतात त्यात एका पायाचा राजा दिसतो, दुसऱ्या पायाला मनी-प्लँट लागलेला.

अजहर माझ्याच खोलीत राहतो. मूळचा लातूरचा, गंजगोलाईत त्याच्या वडिलांचं शिवणकाम, इथं तो साड्यांना फॉल लावतो. त्यानं पाय बघितला आणि म्हणाला, “श्रीशैल्या, तेरा एक पाय मालिक का है, एक नौकर का.” दुसऱ्या दिवसापासून सगळा मजला माझ्या पायाचा डॉक्टर झाला. एकानं सांगितलं पाणी चढलं आहे, पाणी पिणं सोड. सोडलं. ओठ फाटले, पाय तसाच. एकानं घोट्याला काळा दोरा बांधला, तो रात्रीत मांसात रुतला आणि सकाळी कापायला फॉलची कात्री लागली. एकानं रगडून मालिश केलं, त्यानंतर थंडी वाजून ताप आला आणि पाय तव्यासारखा लाल झाला. कुणी म्हणालं पाय उंच ठेव, म्हणून मी रात्री तो भिंतीच्या खिळ्याला लुंगीनं अडकवून झोपलो. (हे एक बरोबर होतं, असं मागाहून कळलं. पण सकाळी त्यावर तिघांचे टॉवेल वाळत होते.) शेवटी ताप उतरेना तेव्हा अजहरनं रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गाव कुठलं विचारलं. मी देगलूरकडचा, नांदेड जिल्हा म्हणालो. त्यांनी पायाऐवजी आधी जांघ दाबून बघितली आणि विचारलं, घराजवळ नाली होती का. मामा, मला वाटलं ह्या बाई आपल्या गल्लीत येऊन गेल्या आहेत.

आता नीट ऐका, ह्यात सगळं तुमच्याच कामातलं आहे, उगाच घाबरू नका. छातीत एक मोटार आहे. तिला लोडशेडिंग नाही, तिचा स्टार्टर कुणाच्या मेव्हण्याच्या ताब्यात नाही, ती जन्माच्या आधीपासून चालू असते आणि बंद पडली की दुरुस्तीला उदगीरला न्यायला वेळ मिळत नाही. ही मोटार रक्त मेन लाईनीत ढकलते, मेन लाईनीतून गल्लीबोळाच्या लाईनी, आणि शेवटाला केसापेक्षा बारीक नळ्या. त्या नळ्या पाझरतात. तुम्ही म्हणाल हे काम कुठल्या कंत्राटदारानं केलं, पण नाही, ती गळती मुद्दाम ठेवलेली आहे. रक्तातलं पातळ पाणी तिथून बाहेर झिरपतं, मांसाला, कातडीला जेवण पोचवतं, आणि बरंचसं माघारी नळीत शिरतं. मग परतीच्या लाईनीनं, म्हणजे शिरांनी, पुन्हा मोटारीकडं. पायातल्या शिरांना जागोजागी फुटवॉल असतात, आपल्या बोअरच्या पाईपाला खाली असतो तसे, चढलेलं खाली उतरू नये म्हणून. इथपर्यंत एकच गोल फेरा. इथपर्यंत तुमचं-माझं भांडण नाही.

पण बरंचसं म्हणजे सगळं नाही. थोडं पाणी मांसातच उरतं. त्या उरलेल्याचं काय करायचं, हा सवाल तुम्ही गावाला पाणी सोडता सोडता केस पिकवले तरी कधी विचारला नाही. शरीरानं विचारला. त्यासाठी त्यानं वेगळ्या बारीक नाल्या काढल्या, सगळ्या अंगभर, आणि त्यातल्या पाण्याला लसिका म्हणतात. गुडघा खरचटल्यावर रक्त थांबलं की जे चिकट पिवळट पाणी सुटतं, साधारण तसलं. ह्या नाल्या वाटेत चेकपोस्टमधून जातात. जांघेत आहेत, काखेत आहेत, गळ्याशी आहेत. पायाला काटा मोडून पिकलं की जांघेत अवधाण येतं ना, ते चेकपोस्टच सुजलेलं असतं. तिथं शरीराचे शिपाई एकेका जंतूची झडती घेतात, आणि गर्दी झाली की नाका फुगतो. आई त्यावर चुना लावायची. (शिपायांना त्याचं काय वाटत असेल देव जाणे.) झडती झालेलं पाणी वर वर जात गळ्याच्या हाडाखाली मोठ्या शिरेत ओतलं जातं आणि पुन्हा रक्तात मिसळतं. थेंब वाया जात नाही. आपल्या पंचायतीची सहल काढायची झाली तर कुठल्या आदर्श गावाला नेऊ नका, इथंच आणा.

आणि ह्या नालीला मोटार नाही मामा. सगळ्यात मोठी गंमत ही. पाणी पायाच्या बोटापासून गळ्यापर्यंत चढवायचं आणि ढकलायला कुणी नाही. माणूस चालला की पोटरी आवळते, पोटरीनं नाली दाबली जाते, पाणी एक पायरी वर सरकतं, तिथला फुटवॉल त्याला धरून ठेवतो. श्वास घेतला की अजून थोडं. माणूस हलला तर ती चालणार, आणि मला पगार मिळतो तो न हलण्याचा. दुखणं गावाकडचं असलं तरी त्याला खतपाणी असं इथल्या दारात मिळालं.

दुखणं गावाकडचं कसं, ते सांगतो. नालीवरचा डास चावतो, त्याच्या सोंडेवरून बारीक अळी कातडीत शिरते. ती रक्तात घर करत नाही. ती ह्या आतल्या नालीत बिऱ्हाड थाटते. धाग्याएवढी होते, नर-मादी वर्षानुवर्षं संसार करतात. (त्यांचं ठरलेलं कुणी मोडत नाही.) पिलं तेवढी रात्री रक्तात फेरफटका मारायला निघतात, आपल्याकडं शेताला थ्री-फेज येते त्याच सुमाराला, कारण डासाची जेवायची वेळही तीच. ह्या संसाराच्या पसाऱ्यानं नाली ढिली पडते, फुटवॉल कामातून जातात, वर चढलेलं पाणी पुन्हा खाली उतरतं आणि पायात साचतं. पुढं जराशी भेग पडली तरी जंतू शिरतात, ताप येतो, आणि दर तापाला पाय थोडा अजून वाढतो. त्याला हत्तीरोग म्हणतात. तुम्ही नाव घेत नाही, ‘तसला पाय’ म्हणता.

म्हणजे रक्तात काय आहे? काही नाही. आजोबा-पणजोबांकडून आलेलं नाही, बापाकडून पोरांत जात नाही, शिवून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही. माझं रक्त डासाच्या जेवणाच्या वेळेलाच काढून काचेवर बघितलं, त्यात आता एक पिल्लू नाही. अळ्या गोळ्यांनी मेल्या, मागं मोडकी नाली तेवढी राहिली. माझं रक्त चोख आहे मामा. तुमचं कधी बघितलं? माझ्यावर विश्वास नसेल तर शिवलीलाला विचारा. लातूरला राहून तिनं बारावी सायन्स काढली, सुट्टीत आली की लाल-निळ्या पेन्सिलीनं हृदय काढत बसायची, मी दारातून बघायचो आणि मला ते वांग्यासारखं दिसायचं. तिला हे सगळं येतं. तुम्ही तिला एकदा विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण लग्नाच्या पोरीला विचारायची आपल्याकडं रीत नाही, तिला फक्त सांगायचं असतं.

आता डास कुठला ते. गावाला पाणी आणायची लाईन तुमची, आणि घरातून न्यायची लाईन कुणाचीच नाही. प्रत्येक मोरीचं पाणी तुमच्या दारापुढं येऊन थांबतं, कारण तुमचं घर उताराला आहे. ती हिरवी नाली मी तुमच्याकडं आलो तेव्हा होती आणि दिवाळीला आलो तेव्हाही होती, थोडी तब्येत सुधारलेली. तिच्या कडेला ओसरीवर माझं अंथरूण. आत तुमच्या खाटेला मच्छरदाणी होती. मी तक्रार करून राहिलो असं नाही. भाच्याला ओसरी दिली, जेवू घातलं, शाळेत घातलं, हे खरं आहे आणि ते मी कुणासमोरही सांगतो. पण सगळ्या गावाचं सांडपाणी ज्याच्या उशाशी ठेवलं, त्याच्या पायाला पाणी साचलं म्हणून त्याच्या खानदानाचं रक्त काढायचं, हे जरा जास्त होतं.

आणि हत्तीरोग टळायच्या गोळ्या. दरवर्षी आपल्या गावच्या आशा कार्यकर्ती चांगुणाताई उन्हातान्हात दारात यायच्या. उंची बघून, वय विचारून गोळ्या मोजून द्यायच्या, समोर गिळा म्हणायच्या, आणि गिळली की बोटाला शाई लावायच्या. तुमचं म्हणणं असं होतं की चालू मोटारीचं नटबोल्ट खोलायचं नसतं, आणि धडधाकट माणसाला सरकार फुकट औषध देतं त्यात काहीतरी गोम असणार. मग तुम्ही सगळ्या घराला तालीम दिली. गोळी जिभेखाली धरायची, पाण्याचा घोट घ्यायचा, आ करून दाखवायचा, बोट पुढं करायचं, ताई पुढच्या दाराला गेल्या की नालीत थुंकायचं. मी, शिवलीला, मामी, सगळे रांगेत. तुमचं बघून गल्ली थुंकायला लागली. तुम्ही मग पारावर शाईचं बोट असं वर धरून बसायचा की मतदान करून आला आहात. मामा, इतक्या वर्षांच्या गोळ्या त्या नालीत विरघळल्या आहेत. त्या नालीतल्या बेडकांना सात पिढ्या हत्तीरोग व्हायचा नाही.

आता परातीचं. ह्या रोगात अळीवर औषध असतं, साचलेल्या पायावर नसतं. त्यावर उपाय एकच, आणि तो डॉक्टरीणबाईंनी सांगितला तेव्हा मी हसलो, त्यांना वाटलं मला ताप चढला. उपाय असा, की पाय धुवायचा. रोज. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून हळू हळू, मग टॉवेलनं टिपून कोरडा करायचा, मलम लावायचं, उंच ठेवायचा, घोटा वर-खाली हलवायचा. त्यासाठी दवाखान्यातून टब, मग, साबण, टॉवेल असा संच मिळतो. अजहर म्हणाला रुखवत आलं. तो संच द्यायच्या दिवशी आम्हा सगळ्या तसल्या पायांच्या माणसांना बाकावर बसवलं आणि कसं धुवायचं ते दाखवायला कुणाचा तरी पाय पाहिजे होता. कुणी पुढं करेना. मग सिस्टरनं माझाच पाय उचलला. खाली बसली, परकी बाई, ना नात्याची ना गोत्याची, चारचौघांत टबात माझा पाय घेतला आणि धुतला. नाक मुरडलं नाही, तोंड फिरवलं नाही, बोलत होती ती बाकीच्यांशी, की बघा, इथून असं, घाई करायची नाही. बाकावरची माणसं मान पुढं करून बघत होती. अक्षता तेवढ्या कुणी टाकल्या नाहीत. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो, कारण आत बघितलं असतं तर माझंच काहीतरी पाझरलं असतं, आणि त्याची नाली कुठली ते मला अजून शिकवलेलं नाही.

तर मामा, पाय परातीत मावतो. मी मापून बघितला. अजहरच्या कणकेच्या परातीत बघितला, हे त्याला कळू देऊ नका. बोटांपुढं चार बोटं जागा उरते, म्हणजे तुमचे दोन्ही हातही आत येतील.

एवढं लिहून आता सरळ विचारतो. लातूरचा मुलगा येत्या महिन्यात बघायला येणार आहे. तो क्लासमध्ये शिकवतो, त्याचे दोन्ही पाय एकाच मापाचे आहेत, तो शिवलीलाला बसून बोलायच्या लायकीचा आहे, हे सगळं मान्य. पण सुपारी माझ्याशी फुटली. तो यायच्या आत एकतर हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण म्हणायचं ते मला म्हणा, तुमच्या तोंडानं, आईला मधे उभी न करता. रक्ताचं कारण आता चालणार नाही, ते मी वर चार पानांत काढून टाकलं आहे. परातीचंही चालणार नाही. तिसरं काही असेल तर सांगा, मी त्याचाही अभ्यास करीन.

मामींना नमस्कार. म्हशीच्या पाठीवर हात.

आपला एके काळचा जावई आणि सुटका नसलेला भाचा,
श्रीशैल

ता. क. दारापुढच्या नालीला उतार काढून गावाबाहेर शोषखड्डा करता येतो, रोजगार हमीत बसतं असं इथं एकानं सांगितलं. तोवर निदान जळकं ऑईल टाका आणि संडासाच्या टाकीच्या उभ्या पाईपाला वरून जाळी बांधा. जुनी साडी असली तरी चालते. मामी देतील.

ता. क. दुसरी. पाकीट चिकटवायचं बाकी होतं म्हणून बरं झालं का वाईट झालं, कळत नाही. काल आईला फोन करून हे सगळं पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं होतं खूश होईल, पोरगा आठवीच्या पुढं शिकला म्हणून. बेडकांपाशी ती हसली. परातीपाशी मला वाटलं रडून राहिली असेल, पण ती विचार करत होती. मग म्हणाली, “नको टाकू बाबा ते. वीरूनं न्हाई म्हटलंच न्हाई. पोरगी न्हाई म्हणली.”

दिवाळीत मी गेल्यावर शिवलीला तुम्हाला काय म्हणाली, ते आईनं सांगितलं. ते रक्तात नसतं, शिवून होत नाही, पोरांना होत नाही, हे तिनंच तुम्हाला समजावलं, माझ्यापेक्षा थोडक्यात. आणि म्हणाली, समदं ठाऊक हाय अप्पा, पण रोज बघणं मला जमायचं न्हाई. तुम्ही तिच्यावर ओरडलात, जेवला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आईच्या दारात उभं राहून म्हणालात:

“माझ्या नावावर टाक, अक्का. माझ्यावरला राग उतरंल त्याचा. तिच्यावरला उतरायचा न्हाई.”

परातीचं तुम्हाला तिथंच सुचलं. दुसरं कारण सुचेना, तेव्हा रक्ताचं आईनं सुचवलं. म्हणजे माझ्या बापाच्या खानदानाचं रक्त माझ्या आईनंच काढलं, आणि मी तुम्हाला चार पानं ऐकवून राहिलो.

अज्ञान असतं तर ते काढता येतं. तिला माझ्या चार पानांच्या आधीपासून येत होतं, येत असून नको म्हणाली, त्यावर काय लिहायचं ते मला कुठल्याच दवाखान्यात शिकवलेलं नाही. आणि तिचं चुकलं असंही माझ्यानं म्हणवेना. रोज बघायचा तर मी बघतो. मलाही सगळे दिवस जमत नाही.

तुमच्याविषयी जे वर लिहिलं ते खोडायला बसलो होतो. पण नालीचं आणि गोळ्यांचं खरं आहे, आणि त्याला लागून जे लिहिलं ते त्याच कागदाच्या पाठीवर आहे, म्हणून तसंच टाकतो.

ता. क. तिसरी, आणि पत्राचं काम खरं तर एवढंच आहे. त्याच नालीच्या काठावर ती वाढली आणि त्याच रांगेत उभी राहून तिनं गोळ्या थुंकल्या. मच्छरदाणी रात्री होती, संध्याकाळी ती पायरीवर अभ्यास करत बसायची. पुढच्या महिन्यात चांगुणाताई येतील. तिला जेवण झाल्यावर, समोर, गिळायला लावा. गिळली का नाही ते जीभ उचलून बघा. लग्नाच्या आधी झालं पाहिजे, कारण पुढं बाईला दिवस गेले तर ह्या गोळ्या देत नाहीत. तुम्हीही घ्या, मामींनाही द्या. माझं नाव सांगू नका, ती दया म्हणून गिळेल आणि ते मला नको. तुमच्या हट्टानं थुंकली होती, तुमच्याच हट्टानं गिळू दे.

राग तुमच्यावरच ठेवून राहिलो. तिच्याकडं जाऊ देत नाही, एवढं तुमचं ऐकलं.